गाडीची आंघोळ
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे खंडेनवमीला पाटावर पाने-पक्कड यांच्या शेजारी माझी पुस्तके मांडताना आईला कोण अभिमान वाटतो! पण आबांचे लक्ष असते गाडीकडे. पाटणच्या बाजूला ते वडापची जीप चालवतात. पूजेच्या आदल्या दिवशी तिची आंघोळ असते, आणि बॉनेटच्या आतली आंघोळ आबा दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. धुलाई केंद्रावरचा जोराचा फवारा वायरींच्या जोडात पाणी घुसवतो, रेडिएटरची नाजूक पाती वाकवतो, असे त्यांचे म्हणणे.

"इंजिन गार झाल्याबिगर पाण्याचा थेंब न्हाई," हा पहिला नियम. तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर बीड तडकते. मग बॅटरीची वायर. तीही अर्थची आधी. मला याचे कारण कळेना. गाडीचे सगळे लोखंड अर्थलाच जोडलेले. धन टोक आधी सोडताना पाना कुठे लोखंडाला टेकला की ठिणगी उडते. आबा सातवी शिकलेले, पण हे त्यांनी मला दोन वाक्यांत समजावले. नंतर अल्टरनेटर, फ्यूजची पेटी आणि एअर फिल्टरचे तोंड यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायच्या. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरात शिरले आणि इंजिन फिरवले तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो.

पेट्रोलने मळ झटकन निघतो म्हणून काहीजण तेच वापरतात. आबांना ते मुळीच खपत नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, आणि आमची चूल अंगणातच! डिझेलने रबरी पाइप फुगतात. तेव्हा लाकडी पट्टीने तेलकट चिखल आधी कोरडाच खरवडून कागदात गोळा करायचा, म्हणजे तो ओढ्याला जात नाही. पुढे साबणाचे पाणी, जुना ब्रश, पिळलेले फडके. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने जाते. सगळे वाळल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

गेल्या वर्षी असे पुसत असताना ब्रेक ऑइलच्या डबीखाली एक ओला, चकचकीत ओघळ दिसला. मळाखाली तो कधीपासून होता कोण जाणे! आबांनी बोटाने तो चाचपला, डबीतली पातळी पाहिली आणि गप्प बसले. सणाचे दोन दिवस म्हणजे आमची सुगी. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणचे भाडेही ठरलेले.

"जपून न्हेली तर?" आईने विचारले.

"धा माणसं बसत्यात तिच्यात," आबा म्हणाले, आणि भाडेकऱ्यांना फोन लावू लागले.

दसऱ्याला गाडी दारात उभी राहिली. पुढे मिस्त्रीने मास्टर सिलिंडर बदलला. माझ्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे आईने बचत गटातून उचलले. त्याचा शेवटचा हप्ता या मार्चमध्ये फिटला.