एका चपळ गाडीसंबंधी मामांस

तीर्थरूप मामांस,


दोघांच्या संसाराला दोनशे अश्वशक्तींची गाडी कशासाठी, हा आपला सवाल रास्त आहे. आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी जेमतेम चाळीस अश्वशक्तींच्या बळावर आंबा घाटातून वर्षानुवर्षे चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाने तो विचारलेला असल्यामुळे मोघम उत्तर देऊन माझी सुटका होणार नाही.

मी घेतली ती फोर्डची फिएस्टा एसटी. जर्मनीत कोलोन येथे बनलेली, आणि तेथील फिएस्टाचे उत्पादन २०२३ च्या जुलैत कायमचे बंद झाल्यामुळे अर्थातच जुन्या गाड्यांच्या बाजारातली. बाह्यरूपाने ती इकडे इंग्लंडात डर्बीच्या कोणत्याही गल्लीत उभी असते तीच फिएस्टा, जी ब्रिटनमध्ये २००९ पासून सलग बारा वर्षे सर्वाधिक खपली. अशा छोट्या पण चपळ गाड्यांच्या जातीची कुलकथा १९७६ सालच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयपासून सांगण्याचा प्रघात आहे. अवघ्या पाच हजार गाड्या काढण्याच्या अदमासाने बाजारात आणलेल्या त्या गाडीच्या पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या, आणि शक्ती म्हणाल तर एकशेदहा! या खपामागचे कारण मला साधे दिसते: शर्यतीची हौस असलेल्या गृहस्थासही गाडी एकच परवडते, आणि तिच्यातूनच त्याला बाजारहाट करावा लागतो.

टेस्ट ड्राइव्ह हा न्यायनिवाडा म्हणून फार कच्चा. शेजारी विक्रेता बसलेला, परवान्याची नक्कल त्याच्या दप्तरी जमा, मार्गही त्यानेच मुक्रर केलेला. अशा अवस्थेत माणूस जोखतो ते केवळ इंजिन, आणि इंजिन तर साक्ष देण्यास उतावीळच असते. दीड लिटरचे, तीनच सिलिंडरांचे, पण टर्बोची जोड लाभलेले हे यंत्र साडेसहा सेकंदांत ताशी बासष्ट मैलांचा वेग गाठते, आणि तेवढा वेळ विक्रेत्यास एक अक्षरही बोलण्याची जरुरी पडत नाही. उलट भार हलका असताना तीनपैकी एक सिलिंडर आपण होऊन कामातून रजा घेते व पेट्रोल वाचवते, हा या गाडीचा संसारी गुण त्या फेरीत कोणाच्या ध्यानात येणार?

गाडीची खरी कैफियत खरेदीनंतर ऐकू येते, आणि ती ऐकवतात मागच्या अ‍ॅक्सलच्या स्प्रिंगा. या अ‍ॅक्सलवरील स्प्रिंगा सरळ दंडगोल नसून केळ्यासारख्या बाकदार वळवलेल्या आहेत. डावी उजवीकडे चालत नाही, उजवी डावीकडे चालत नाही. वळणावर अ‍ॅक्सल बाजूस सरकू पाहतो तेव्हा त्यांचा तिरका दाब त्यास जागेवर धरतो, आणि एरवी ज्यासाठी जादा दांडे जोडावे लागले असते ते काम निव्वळ पोलादाच्या आकाराने साधते. मला विचाराल तर या गाडीतली सर्वांत बुद्धिमान वस्तू हीच. पुढच्या चाकांना पहिल्या मालकाने जादा मोल देऊन घेतलेले क्वेफ कंपनीचे यांत्रिक डिफरन्शिअल आहे. वळणात आतले चाक हलके होऊन फुकट फिरू लागले की ते जोर बाहेरच्या चाकाकडे वळवते, आणि गाडी रुंदावत बाहेर जाण्याऐवजी आत ओढली जाते. स्टिअरिंगमधून ही ओढ हाताला स्पष्ट जाणवते.

बक्स्टनहून मॅकल्सफील्डला जाणारा 'कॅट अँड फिडल' नावाचा उघड्या माळावरचा वळणावळणांचा रस्ता आहे. तेथे ताशी पन्नास मैलांची मर्यादा असून सरासरी वेग मोजणारे कॅमेरे तिचा सक्त अंमल करतात; म्हणजे दोनशेपैकी बहुतेक अश्वांना तेथे मज्जावच. तरीही ही गाडी मला सर्वाधिक आवडते ती तेथेच. वळण येण्यापूर्वी गिअर ठरवायचा, ब्रेकवर पाय फार न देता गती राखायची, आणि रस्ता सरळ होऊ लागताच हळूहळू पेट्रोल द्यायचे, ही जी विद्या आपण पद्मिनीच्या स्टिअरिंगलगतच्या गिअरदांड्यावर मला लहानपणी दाखवली, तिचाच हा अभ्यास आहे. याहून प्रचंड, तिप्पट मोलाच्या गाड्या मी पाहिल्या. त्या पन्नासच्या वेगात जांभया देतात, आणि जाग्या होतात त्या वेगाला पुढे न्यायाधीश बसलेला असतो. तेव्हा दोनशे हा आकडा कागदावरचा समजावा. मी दाम मोजला तो स्प्रिंगांचा.

तो दाम रोजच मोजावा लागतो, हेही नमूद करतो. नगरपरिषदेने यंदा खड्ड्यांना मुक्त मुभा दिलेली असल्याने आमच्या घरापासून मंडईपर्यंतचा प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यात रुजू होतो, आणि सौभाग्यवतींनी त्याबद्दल केलेली तक्रार माझ्याकडे अद्याप निर्णयाविना पडून आहे. वळणाचा घेर मोठा असल्यामुळे अरुंद गल्लीत गाडी एका दमात फिरत नाही.

उन्हाळ्यात आपण उभयता येणारच आहात. पुढची आसने रेकारोची, बाजूच्या कडा उंच, बसणे सोपे पण उतरणे गुडघ्यांच्या मर्जीवर. सबब विमानतळावर मी ही गाडी आणावी की टॅक्सी करावी, एवढे मामींना विचारून उलट टपाली कळवावे.

आपला आज्ञाधारक भाचा