वालाचे मोड

पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली, तेव्हा आम्ही शाळेत होतो. पडद्यावर प्रयोग होई, निष्कर्ष सांगितला जाई. संच बंद झाला की गुरुजी ‘समजलं ना?’ विचारत आणि आम्ही एका सुरात ‘हो’ म्हणत असू. यात दोष कार्यक्रमाचा नव्हता. तो ‘हो’ आमचा होता. पुढे २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली, तेव्हा वाईट वाटलेच.

२०२० च्या पावसाळ्यात शाळांना कुलूप होते. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. घर-परिसरातल्या अनुभवांतून मुलांनी शिकावे, यावर तिचा भर होता. मिरजोळ्याच्या घरी सात वर्षांची पुतणी ती नेमाने पाही. त्याच सुमारास कुठल्याशा माहितीपटात तिने बी रुजताना पाहिले: अर्ध्या मिनिटात मोड, देठ, दोन पाने. लगेच करवंटीत माती भरून तिने वाल पेरले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दाणे उकरून काढलेले!

“टीव्हीतला लगेच उगवतो. आपला खोटा आहे का?”

आम्ही पडलो मास्तर. कॅमेरा ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतो, मग ती भराभर दाखवतात, असे साद्यंत समजावून दिले. ती गप्प झाली. तिची शंका फिटली, आणि आमच्या ध्यानात आले की कुतूहलही तिच्याबरोबर गेले. दूरचित्रवाणी प्रश्न पिकण्याआधीच उत्तर देऊन मोकळी होते, असा आक्षेप आम्ही वर्गात मोठ्या आवेशाने घेत आलो आहोत. असो.

सुटका केली ती आईने. डाळिंब्यांच्या उसळीसाठी भिजवून फडक्यात बांधलेले वाल सोलायला तिने नातीला बसवले.

“आजी, यांना माती नाही. मग मोड कसे आले?”

“मला काय ठाऊक! ठेवून बघ की.”

तिने तीन वाट्या मांडल्या. पाच दाणे ओल्या फडक्यात, पाच कोरड्या, पाच पाण्यात पूर्ण बुडवलेले. एवढी एकच गोष्ट बदलायची, हे तिला कोणी सांगितले होते? टिलीमिलीने, आजीने, की उकरलेल्या करवंटीने? आम्हांला ठरवता आलेले नाही. ओल्या फडक्यातल्यांना मोड आले, कोरडे तसेच राहिले, बुडवलेल्यांना चौथ्या दिवशी वास सुटला.

टिलीमिलीची वेळ होताच तिने तिन्ही वाट्या उचलून टीव्हीसमोर नेऊन ठेवल्या. तिथल्या ताईंना दाखवायच्या होत्या.