गॅदरिंगची ढोलकी

मी कॉलेजात गेलो तो एका रात्रीपुरता. ढोलकी वाजवायला. आणि तीही दुसऱ्याच्या नावानं.

१९७५ साली दहावीची पहिली बॅच बाहेर पडली, त्यात मी होतो. त्याच साली जुन्या अकरावीची पोरंही एस.एस.सी.ला बसली होती. मी पास झालो, पण बाहत्तरच्या दुष्काळात गेलेली बैलजोडी आणि तिच्यामागं राहिलेलं कर्ज अजून फिटलं नव्हतं. चुलतभाऊ माझ्याच वर्गातला. त्याला ई.बी.सी.ची सवलत मिळाली, फी माफ झाली, तो तालुक्याच्या कॉलेजात गेला. सवलत मलाही मिळाली असती. पण फी माफ झाली तरी शेतातलं माणूस कमी होतंच की. आबांनी नको म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरात नवीन खोंडं आली आणि मी त्यांच्यामागं लागलो.

आमच्या माणदेशात तेव्हा कॉलेजचं गॅदरिंग म्हणजे जत्राच. स्नेहसंमेलन हा शब्द फक्त छापील पत्रिकेवर असायचा. जानेवारी संपता संपता, ज्वारी हुरड्याला आलेली असताना, ते भरायचं. सायकलवरनं डबलसीट, बैलगाडीतनं, चालत, कुठनं कुठनं माणसं यायची. बाकं नि टेबलं जोडून स्टेज, वर कनाती, बांबूला बांधलेला भोंगा. लाईट गेली तर असावी म्हणून दोन गॅसबत्त्या पेटवून ठेवलेल्या. एका बाजूला पोरं, दुसऱ्या बाजूला मोजक्या पोरी, मधल्या खुर्च्यांवर सर लोक, जणू बांधच घातलेला. पोरींचा नाच वेगळा, पोरांचा वेगळा. पोरी टिपऱ्या नाहीतर कोळीनाच करायच्या. लावणी-गवळण असली की पोरंच लुगडी नेसायची, आणि मिशा काढायला कोण तयार होतो यावर आठ-आठ दिवस वाद चालायचा. एकजण तर 'शोले'तल्या गब्बरचे संवाद म्हणायचा. ते त्या वर्षी कुणी ना कुणी म्हणायचंच.

फिशपाँड हा आणखी एक प्रकार. आधी आठ दिवस व्हरांड्यात पेटी ठेवायची, पोरांनी चिठ्ठ्या टाकायच्या. सर लोक चाळून वाईट-साईट काढून टाकायचे, तरी एखादी सुटायचीच. मग माइकवरनं नाव घ्यायचं आणि ओळ वाचायची, की मंडप खदखदून हसायचा. त्या रात्री एका पोरीचं नाव आलं. ओळ काय होती ती मी लिहीत नाही. ती पण हसली सगळ्यांबरोबर. पुढच्या साली ती कॉलेजात दिसली नाही असं चुलतभाऊ म्हणाला. त्यामुळंच का, ते देव जाणे. पण पोरीचं नाव भोंग्यावरनं चार गावांपुढं गेलं की त्या काळी घरात काय होत असेल, हे मला सांगायला कॉलेज शिकायची गरज नव्हती.

ही गोष्ट १९७८ची. चुलतभाऊ बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता. त्यांनी गवळण बसवली होती, कृष्ण, पेंद्या, मावशी सगळं जमलेलं. ढोलकीवाला मात्र ऐन वेळी तापानं आडवा झाला. दुपारी चुलतभाऊ सायकल मारत मळ्यात आला.

"गड्या, आज अब्रू राख. सोंगी भजनात वाजवतोस तसंच वाजवायचं."

माझा हात खरा पखवाजाचा. आबांनी शिकवलेला. पखवाजाला कणीक लावायची, पंजा उघडा टाकायचा. ढोलकीला बोटं लागतात. ती मी सोंगी भजनाच्या निमित्तानं चोरून शिकलो होतो, कारण आबा म्हणायचे, पखवाज देवाकडं नेतो आणि ढोलकी फडाकडं. त्यामुळं घरी काही न सांगता गेलो.

तिथं गेल्यावर कळलं की बाहेरच्या माणसाला स्टेजवर मनाई आहे. चुलतभाऊ म्हणाला, "कोण इचारतंय? त्याच्या जागी बस." बसलो. दोरीच्या कड्या ओढून ढोलकी चढवली, एक थाप टाकून बघितली, भोंग्यातनं तिचा आवाज बाहेर पडला आणि माझं मलाच काहीतरी झालं. भजनात आवाज देवळाच्या भिंतीपुरता असतो. इथं तो पार माळावर गेला. गवळण कशी झाली ते मला सांगता येणार नाही, मी नाचणाऱ्यांच्या पायांकडंच बघत होतो. मावशीचं काम करणाऱ्याचा पदर सुटला तेव्हा मी दोन आवर्तनं जास्त वाजवून त्याला सावरायला वेळ दिला, एवढं आठवतं.

आम्हाला पहिला नंबर मिळाला. वर, परीक्षक म्हणाले की ढोलकी वाजवणाऱ्याला वेगळं बक्षीस द्यायचं आहे, नाव काय? मी उभा राहिलो होतो. तोंड उघडणार, तोवर चुलतभावानं आजारी पोराचं नाव सांगून टाकलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. भोंग्यावरनं ते तसंच पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या, मी पुढं होऊन स्टीलचा पेला घेतला. चुलतभावाला दोष देत नाही. खरं सांगितलं असतं तर सगळ्यांचाच नंबर गेला असता. आणि मलाही आतनं बरंच वाटलं होतं, की चला, आबांपर्यंत जाणार नाही.

सकाळी आबा मोट हाकत होते, मी कांद्याला दारं धरत होतो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मोट थारोळ्यात रिकामी झाल्यावर बैलं तशीच उभी केली.

"रातीला ढोलकी वाजवलीस म्हणं."

"व्हय."

"हात कसा पडला?"

मी गप्प. शिव्या येतील म्हणून वाट बघत होतो.

"मंडप हालला म्हणत्यात. गावातली चार माणसं आलीती बघायला." मग थोडं थांबून, "नाव दुसऱ्याचं कसं पुकारलं?"

मी नियम सांगितला.

"न्येम असंल. पर इचारलं तवा तुझं तोंड कुठं गेलं हुतं? त्याच्या बाचं नाव लागलं. मी काय मेलो हुतो?"

एवढं बोलून त्यांनी बैलं परत मागं घेतली. त्या दिवशी मोटेवर गाणं म्हटलं नाही.

ढोलकीबद्दल ते पुढं कधीच वाकडं बोलले नाहीत. उलट सोंगी भजनात मी बसलो की पुढं येऊन बसायचे. पेला मात्र त्यांनी शेवटपर्यंत तोंडाला लावला नाही. आईनं एकदा विसरून त्यात पाणी दिलं, तर ते ओतून टाकून तांब्या मागितला. मग तो पेला कणगीपाशी गेला. अजून तिथंच आहे. पिठाला ज्वारी काढताना आम्ही त्यानंच मापून घेतो, चार जणांना सात पेले.