मालवणच्या वाटेवर सुकाणूचा कंप

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग कसाल येथें सोडला म्हणजे मालवणची वाट लागते. हा महामार्ग पूर्वीं १७ क्रमांकाचा होता. २०१० सालच्या नव्या क्रमवारींत तो ६६ झाला. जुना नागमोडी रस्ता ज्यांच्या स्मरणांत आहे, त्यांस कणकवलीपुढील चौपदरी रस्त्याचें अप्रूप वाटल्यावांचून राहणार नाहीं. मात्र वेग वाढला म्हणजे गाडीच्या अंगीं दडलेले दोषहि बोलूं लागतात.

गेल्या आश्विनांत पुतण्याच्या मोटारींतून आम्ही घरचीं पांच माणसें निघालों. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आमच्या वडील भगिनी अक्का बरोबर होत्या. कणकवली मागें पडली, वेग ताशीं ८० किलोमीटरांपलीकडे गेला, आणि पुतण्याच्या हातांतील स्टिअरिंग थरथरूं लागलें. ६० वर येतांच शांत! "काका, अलाइनमेंट बिघडली असणार," तो म्हणाला. वाटेंत एका ठिकाणीं तीहि करून घेतली. पैसे गेले, कंप राहिला.

माधवनिदानांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति. मोटारीसहि तीं लागू पडावींत याची आम्हांस मौज वाटली. अलाइनमेंटचा दोष असेल तर गाडी एका अंगास ओढते, टायर एका कडेनें झिजतो. केवळ तेवढ्यानें हात थरथरत नाहींत. ब्रेक दाबतांच कंप येत असेल तर ब्रेकच्या चकत्या पाहाव्या. हातापेक्षां बैठकीस हादरे बसत असतील तर संशय मागील चाकांवर. आणि ठराविक वेगासच स्टिअरिंग कांपत असेल, तर पुढील चाकाचें वजन सर्व बाजूंनीं सारखें नाहीं असें प्रथम धरावें.

वेगाचाच हट्ट कां? चाकाचा परिघ दोन मीटरांहून किंचित् कमी. म्हणजे ८० च्या वेगांत तें सेकंदास अकरा-बारा फेरे घेतें. रिमच्या कडेस वीस ग्रॅम वजन अधिक झालें, तर ४० च्या वेगास त्याची ओढ सुमारें अर्ध्या किलोच्या भाराइतकी असते. वेग दुप्पट झाला कीं ओढ चौपट, म्हणजे दोन किलो! शिवाय स्प्रिंगवर टांगलेल्या चाकाचा स्वतःचा एक ताल असतो. झोपाळ्यास नेमक्या वेळीं झोका द्यावा तसे फेरे त्या तालाशीं जुळले कीं कंप फोंफावतो.

मालवणांत मुक्कामाच्या घरीं चाकें पाहिलीं, तों रिमच्या आंतल्या अंगास जांभ्याची तांबडी माती वाळून चिकटलेली. ती खरवडून, धुवून पुतण्या महामार्गावर जाऊन आला. कंप निम्म्यानें उतरला, पण गेला नाहीं. हा उपशय अर्धाच. अर्थात् दुसरें कारण शिल्लक होतें. परतीस फोंडाघाट चढावयाचा, आणि गाडींत अक्का.

दुसरे दिवशीं मंडळी होडीनें सिंधुदुर्गावर गेली. १६६४ त आरंभून १६६७ त पुरा झालेला हा जलदुर्ग आणि भर समुद्रांतील त्याच्या गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी कितीदांहि पाहाव्यात. आम्ही मात्र पुतण्याबरोबर मिस्त्रीकडे गेलों. त्यानें जॅकवर गाडी उचलली, डावें पुढील चाक हातानें फिरविलें आणि टायरजवळ एक तार स्थिर धरली. प्रत्येक फेऱ्यास तार एकाच जागीं घासे. मग त्यानें आमचा हात टायरच्या आंतल्या बाजूस नेला. आंवळ्याएवढा फुगा! खड्ड्याच्या धक्क्यानें टायरच्या आंतले धागे तुटले होते आणि हवा रबरास बाहेर रेटीत होती. उभ्यानें पाहणाऱ्यास तो दिसणार कसा?

"गुरुजी, ह्यो टायर घाटात नेव नकात," मिस्त्री म्हणाला. असा फुगा ठिगळानें सुधारत नाहीं. वेगांत तो केव्हां फुटेल याचा नेम नसतो. पूर्ण मापाची स्टेपनी होती, ती लावून बेताच्या वेगानें आम्ही कुडाळास गेलों व नवा टायर घातला. यंत्रावर चाक फिरवून तेथील कारागिरानें रिमला शिशाचे दोन बारीक तुकडे ठोकले. सिंधुदुर्गाच्या पायांत चिऱ्यांखालीं शिसें ओतलें असें सांगतात. येथें दोन तोळ्यांवर काम भागलें.

कणकवलीकडे येतांना पुतण्यानें कांटा ९० पर्यंत नेऊन पाहिला. स्टिअरिंग स्थिर. घाट लागला तेव्हां अक्कांना झोंप लागली होती.