शिकारीचं धनुष्य घ्यावं का?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न माझ्याकडे तीन पोरांनी आणला. तिघंही गारगोटीच्या आसपासची, तिघंही आपल्या समाजातली. तिघांच्या मोबाईलवर व्हिडिओही एकाच जातीचा. परदेशातलं जंगल, पानांच्या छापाचे कपडे घातलेला माणूस, हातात चाकं लावलेलं धनुष्य, समोर हरीण, आणि खाली किंमत. शेवटचा विचारणारा माझा भाचा. "मामू, पच्चीस हजार में मिल रहा हाय. शिकार के लिए चलेगा क्या?" मी शाळेत खेळ शिकवतो, पोरांना धनुर्विद्येच्या स्पर्धांना नेतो, म्हणून असले प्रश्न माझ्या दारात येतात. एकेकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

आधी यंत्राबद्दल बोलू. चाकांच्या या धनुष्याला कंपाउंड म्हणतात. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने १९६६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते त्याला मिळालं. साधं धनुष्य जेवढं मागे खेचाल तेवढं जड होत जातं. कंपाउंडमध्ये दोन्ही टोकांना वेड्यावाकड्या गोलाईची चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. खेच अर्ध्यावर असताना जोर सगळ्यात जास्त लागतो, आणि दोरी पूर्ण मागे आली की चाक फिरून भार एकदम उतरतो. पन्नास पौंडांचं धनुष्य पूर्ण खेचल्यावर हाताला बारा-तेरा पौंडच जाणवतं. त्यामुळे नेम धरून निवांत उभं राहता येतं. नवशिक्याला हे धनुष्य आवडतं ते याचमुळे, आणि शिकाऱ्यालाही.

आता स्वस्त मालाचं. ओळखीतल्या एकाने असंच एक धनुष्य मागवलं होतं, ते आम्ही आठवडाभर वापरून पाहिलं. कंपनीचं नाव घेत नाही. डब्यावर खेच ७० पौंड लिहिली होती. आम्ही पोती मोजायच्या काट्याला लावून पाहिली, तर स्क्रू पूर्ण आवळल्यावरही काटा ६१ च्या पुढे गेला नाही. वेग लिहिला होता सेकंदाला ३२० फूट. हा आकडा खोटाच असतो असं नाही, पण तो कसा मोजतात ते ग्राहकाला कुणी सांगत नाही. ७० पौंडांची खेच, ३० इंचांची लांबी आणि ३५० ग्रेनचा हलका बाण, असा तो हिशेब असतो. आपल्याकडच्या पोराचे हात तेवढे लांब नसतात. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजायचं आणि त्याला अडीचने भागायचं, म्हणजे साधारण खेचेची लांबी निघते. भाच्याची निघाली २७ इंच. एक इंच कमी झाला की वेग साधारण १० फुटांनी उतरतो. त्यात खेच ५५ पौंड ठेवली आणि बाण थोडा जड घेतला, तर वेग २४० च्या आसपास येतो. बाणाचा मार वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे जाहिरातीतल्या ताकदीतली दोन तृतीयांशच उरते.

दुसरी गोष्ट दोरीची. स्वस्त धनुष्याची दोरी पहिल्या दोन-तीनशे बाणांत ताणली जाते. मग दोन्ही चाकांचा मेळ बिघडतो आणि काल बसलेला नेम आज बसत नाही. दोरी बदलायला धनुष्य दाबून धरणारा प्रेस लागतो, आणि तो आपल्या तालुक्यात कुणाकडे असल्याचं मला माहीत नाही. आपल्याकडचा पाऊसही लक्षात घ्या. दोरीला मेण लावत राहावं लागतं, नाहीतर ती पिंजते. आणि बाण न लावता खेच सोडायची नाही, कधीच नाही. पाती तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. पोरं पहिल्याच दिवशी नेमकं हेच करून बघतात.

शिकारीचं म्हणून विकतात ते धनुष्य आखूडही असतं, चाकापासून चाकापर्यंत ३० इंचांच्या आसपास. झाडीतून फिरायला ते सोयीचं, पण हात जरा हलला की बाण भरकटतो. स्पर्धेचं धनुष्य ३६ ते ४० इंचांचं असतं. आणि स्पर्धेत कंपाउंडची खेच ६० पौंडांच्या वर चालत नाही. म्हणजे ७० पौंडांच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्याला तो आकडा मैदानात वापरताच येणार नाही.

पोत्यात चिंध्या ठासून आम्ही ३० मीटरवरून मारून पाहिलं. भाच्याच्या दहा बाणांतले सहा ताटाएवढ्या जागेत गेले, बाकीचे बाहेर. खेळ म्हणून पहिल्या आठवड्यात हे वाईट नाही. पण जनावराचं काळीज आणि फुप्फुस ताटाएवढ्या जागेतच असतं. म्हणजे दहातली चार जनावरं पोटात नाहीतर मांडीत बाण घेऊन झाडीत पळणार आणि दोन-तीन दिवसांनी कुठेतरी मरणार. पोतं जागेवर उभं असतं, उजेड भरपूर असतो, आपली छाती धडधडत नसते. रानात यातलं काहीच मिळत नाही.

आता रानाकडे येऊ. गारगोटीच्या पश्चिमेला डोंगर चढायला लागलं की सह्याद्रीचं दाट जंगल सुरू होतं आणि पलीकडे राधानगरी अभयारण्य. दाजीपूरचं हे रान कोल्हापूरच्या महाराजांचं राखीव शिकारीचं रान होतं. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ साली वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचं केलं. संस्थानच्या काळात कोल्हापुरात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार होत असे. त्या चित्त्यांना वळण लावणाऱ्यांत आपल्या समाजाची माणसं होती आणि चित्तेवान हे आडनाव त्यातूनच आलं. शिकारीशी आपलं नातं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण चित्ता गेला, काळवीट या भागातून जवळजवळ गेलं, आणि ती शिकारही गेली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. या कायद्यात शिकारीची व्याख्या फार मोठी आहे. मारणं तर आलंच, पण पकडणं, फासकी लावणं, विष घालणं, हाकारा घालून उठवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारच. हत्यार बंदूक आहे की धनुष्य, याने फरक पडत नाही. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या अशा जनावराला मारायची परवानगी वनखातं देऊ शकतं, पण ती लेखी आणि अधिकाऱ्याच्या सहीची लागते. सरपंच म्हणाला, मळेवाला म्हणाला, ही परवानगी नव्हे. शिवाय मारलेलं जनावर आणि त्याचं मांस कायद्याने सरकारी मालमत्ता आहे.

पोरं इथे म्हणतात, "धनुष्याचा आवाज होत नाही, कुणाला कळणार?" आवाज होत नाही हेच या धनुष्याचं जाहिरातीतलं मोठं कौतुक असतं. मला त्याचीच जास्त काळजी वाटते. जे काम उघड करायची हिंमत होत नाही, ते आपण आवाज नसलेल्या हत्याराने करायला निघालो आहोत, एवढाच त्याचा अर्थ.

दीनच्या बाजूनेही पोरांकडे उत्तर तयार असतं. तिरंदाजी सुन्नत आहे, शिकार हलाल आहे. दोन्ही खरं आहे. ताकद म्हणजे तिरंदाजी, हे प्रेषित (स.) यांनी सांगितल्याचं उक्बा बिन आमिर (रजि.) यांची हदीस सांगते. साद बिन अबी वक्कास (रजि.) यांचं नाव उहुदच्या तिरंदाजीसाठी आपण घेतो. पण अर्धीच हदीस पाठ करून चालत नाही. शिकारीचे नियम अदी बिन हातिम (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहेत. अल्लाहचं नाव घेऊन बाण सोडायचा. बाण टोकाने आत घुसला तर खा, आडवा आपटून जनावर मेलं तर खाऊ नका. पाण्यात पडून मेलेलं सापडलं तर खाऊ नका, कारण ते बाणाने मेलं की बुडून, हे कळत नाही. म्हणजे शंका आली की हात मागे घ्यायचा. जिवंत प्राण्याला नेमाचा खेळ करण्याला तर साफ मनाई आहे. कोंबडी बांधून तिच्यावर बाण मारणाऱ्या पोरांना इब्ने उमर (रजि.) यांनी हेच सुनावलं होतं. जबह करायचं तर सुरीला धार लावा, जनावराला त्रास देऊ नका, अशीही हदीस आहे. दहातले चार बाण बाहेर जाणारा माणूस या कसोटीला उतरतो का, ते त्याने स्वतःच ठरवावं.

आणि एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे. ज्या सूरह माइदामध्ये शिकारीची परवानगी आहे, त्याच सूरहमध्ये एहरामच्या हालतीत शिकारीची बंदीही आहे. शिकार हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात आणून अल्लाह तुमची परीक्षा घेईल, असं तिथे म्हटलं आहे. मक्केच्या हरममध्ये शिकार नाही, झाड तोडणं नाही. मदीनेलाही हरम ठरवलं गेलं. चराऊ रानं राखून ठेवायची हिमाची पद्धतही इस्लामच्या सुरुवातीच्या काळात होती. म्हणजे एक हद्द आखायची आणि तिच्या आत जनावराला अभय द्यायचं, ही कल्पना आपल्याला परकी नाही. राधानगरी हरम नाही, त्याची बरोबरी मी करत नाही. पण समोर आलेलं जनावर टप्प्यात असूनही सोडून देणं ही इबादत असू शकते, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

आता आपल्या भागातली खरी गोष्ट. इथे पिकाला त्रास देतात ती दोन जनावरं, गवा आणि रानडुक्कर. शेतकऱ्याचं दुखणं खोटं नाही. रात्र रात्र माळ्यावर राखण करून सकाळी भुईमूग उकरलेला दिसतो, ऊस लोळवलेला दिसतो. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, तुझ्याकडे धनुष्य आहे ना, एक डुक्कर पाड की. भाच्याला हे विचारून झालंय. डुक्कर आपल्याला खायला हराम, विकायला हराम. मांस दुसरे नेणार, आणि गुन्हा दाखल झाला तर नाव याचं येणार. आठशे-हजार किलोंच्या गव्यावर असला बाण सोडणं म्हणजे जखमी गवा कुणाच्या तरी वस्तीत घालवणं. मग या रानात शिकारीचं धनुष्य मारणार काय?

एक बोलायला अवघड गोष्टही बोलून टाकतो. पाठीवर बाणांचा भाता लावून रात्री मोटारसायकलवरून जाणारं पोरगं कोणत्या आडनावाचं आहे, यावर त्याला अडवणाऱ्यांची भाषा ठरते. २०२३ च्या जूनमध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात काय झालं, २०२४ च्या जुलैमध्ये गजापुरात काय झालं, हे विसरण्याइतका काळ गेलेला नाही. सण आले, निवडणुका आल्या की जिल्ह्यात कलम ३७ (१) चा मनाई आदेश लागतो, शस्त्र घेऊन फिरायला बंदी असते. सराव करायचा तर मैदानावर, दिवसा, क्रीडा शिक्षकाच्या देखत, आणि धनुष्य पेटीत बंद करून न्यायचं. हे घाबरून राहा म्हणून सांगत नाही. जे करायचं ते उघड करा म्हणून सांगतो.

आणि उघड करण्यासारखं खूप आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धेत कंपाउंडची दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदकं महाराष्ट्रात आली. साताऱ्याची अदिती स्वामी तेव्हा १७ वर्षांची होती, तिने अंतिम सामना १४९-१४७ असा जिंकला. नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० मारले. अदितीचे वडील शाळेत शिक्षक, आणि ती शिकली ती साताऱ्यात उसाच्या फडांच्या शेजारच्या मैदानावर. त्याच वर्षी शांघायला बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने विश्वचषकात सुवर्ण मिळवलं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही होणार आहे. ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचं असतं. ज्याला स्वतःचा कस बघायचा आहे, त्याच्यासाठी ते ८ सेंटिमीटर कुठल्याही हरणापेक्षा अवघड आहेत.

तेव्हा पंचवीस हजारांचं काय करायचं? माझं मत असं. पहिलं वर्ष बांबूचं धनुष्य घ्या, ते काही हजारांत येतं. राष्ट्रीय स्पर्धेत इंडियन राउंड नावाचा प्रकारच आहे, बांबूच्या धनुष्याने ३० आणि ५० मीटरवर. त्यात खांदा तयार होतो, हात स्थिर होतो, आणि आवड टिकते की व्हिडिओबरोबर उतरते तेही कळतं. टिकली तर दुसऱ्या वर्षी एखाद्या खेळाडूने वापरलेलं स्पर्धेचं कंपाउंड बघा. खेचेची लांबी बदलता येते का, खेच ४० पौंडांपर्यंत उतरते का, त्या कंपनीची दोरी भारतात मिळते का आणि पात्यांना तडा आहे का, एवढं बघूनच पैसे द्या. बाण आपल्या खेचेला जुळणारे घ्या, ताठरपणा चुकला तर चांगलं धनुष्यही वाकडं मारतं. पात्याचे शिकारीचे बाण घेऊच नका, मैदानावर ते कुणी चालवून घेत नाही.

शिकारीसाठी हे धनुष्य चालेल का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. शिकण्यासाठी चालेल का, तर आधी बांबू. भाच्याने हे ऐकून तोंड वाकडं केलं, पण रविवारी सकाळी मैदानावर आला. इन्शाअल्लाह, पुढच्या हंगामात जिल्हा स्पर्धेला नाव देऊ.