डोक्यावरून गेलेले विमान

पूर्वी मुंबईला पाहुणा यायचा तो आगगाडीने, आणि त्याला उतरवून घ्यायला निम्मे घर स्टेशनावर जात असे. आमची नागपूरची मावशी विदर्भ एक्सप्रेसने दादरला उतरे. गाडी फलाटाला लागली की आधी संत्र्यांची करंडी डब्याच्या दारात दिसे आणि तिच्यामागे मावशी. करंडी कोणी उचलायची यावरून आम्हा भावंडांत तंटा होई. पण मावशी कुठे उतरणार याबद्दल कधी तंटा झाला नाही. दादर म्हणजे दादर. विमानाने येणाऱ्या पाहुण्याचे तसे नसते, हे मला 2025 सालच्या कार्तिकात कळले.

प्रसंग तसा सुखाचा नव्हता. आई घरातच पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण ती अंथरुणाला खिळून राहिली, आणि बोलणेही कमी झाले. मावशीशी तर तिचे बोलणे चार वर्षांपूर्वीच संपले होते. आजोळच्या घराची वाटणी, दुसरे काय! मी भीतभीत नागपूरला फोन केला. मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पंधरा तास गाडीत बसणं आता माझ्यानं होत नाही रे. विमानानंच येते.” शहात्तराव्या वर्षी तिचा हा पहिला विमानप्रवास. नातवाने तिकीट काढले आणि मला वेळ कळवली: सकाळी सव्वाअकरा. मीही एवढीच माहिती पुरेशी मानली, आणि तिथेच फसलो.

आम्ही राहतो घाटकोपरला. मुंबईच्या विमानतळावर पूर्वेकडून उतरणारी विमाने आमच्या डोक्यावरूनच खाली जातात. तिथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. आणि दिवसाला नऊशेंच्या वर विमानांची ये-जा! तेव्हा आमच्या आकाशाला उसंत कशी ती नाही. आई पडल्यापडल्या खिडकीतून विमाने पाहत असते. मावशी येणार हे कळल्यावर ती हो-नाही काहीच बोलली नाही. पण त्या दिवशी सकाळी तिने मला सहज विचारावे तसे विचारले, “नागपूरचं विमान इकडूनच जातं का रे?”

गंमत अशी की, विमान आमच्या छपरावरून गेले की पुढच्या दोन-तीन मिनिटांत जमिनीला टेकते. परंतु त्यातल्या माणसाला मागे घाटकोपरला यायला मात्र एके काळी दीड तासही पुरत नसे. याचे कारण मुंबईच्या घडणीत आहे. इथले रूळ दक्षिणोत्तर धावतात. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, पुढे पश्चिमेकडचा दुसरा रस्ता झाला, आणि उपनगरे या दोन रुळांना लोंबकळत वाढली. पूर्व-पश्चिम जायचे तर तुमचे तुम्ही पाहा! मुलुंडहून बोरिवलीला जाणारा माणूस दादरपर्यंत खाली जाऊन पुन्हा वर येई, कारण मध्ये डोंगर आणि जंगल. आमच्या लहानपणी घाटकोपर-अंधेरी म्हणजे 340 नंबरची बस. साकीनाक्याला ती जी थांबे, ती पुढे निघेपर्यंत कंडक्टरची नि उतारूंची घरगुती ओळख होऊन जाई.

विमानतळ नेमका या दोन रुळांच्या मधोमध. त्यात नावांचा घोळ निराळाच. ज्याला सारे ‘सांताक्रूझ’ म्हणत आले ते ठिकाण आहे विलेपार्ल्याला. आणि ‘सहार’ अंधेरीच्या अंगाला. 1999 साली दोहोंना मिळून छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले, आणि विमानतळ एकच झाला. दरवाजे मात्र दोन राहिले, तेही एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवर. 1932 साली टपाल घेऊन कराचीहून आलेले जे. आर. डी. टाटा बरे, जुहूच्या मैदानावर उतरले की संपले.

2014 च्या जूनमध्ये घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो झाली, आणि 11.4 किलोमीटरचे ते अंतर एकवीस मिनिटांवर आले. तिच्यावर ‘एअरपोर्ट रोड’ नावाचे स्टेशन आहे. नाव वाचून कित्येक भाबडे प्रवासी पेट्यांसह तिथे उतरले असतील. पण ते ‘रोड’चे स्टेशन, एअरपोर्टचे नव्हे! पुढे रिक्षा करावी लागे. खुद्द विमानतळाखाली गाडी आली ती 2024 च्या ऑक्टोबरात, भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हा. ही गाडी मरोळ नाक्याला आमच्या मेट्रोला भेटते. मुलुंडकरांनी लोकलने घाटकोपरला येऊन मेट्रो धरावी. बोरिवलीकरांनी लोकलने अंधेरी गाठावी, नाहीतर महामार्गावरच्या मेट्रोने गुंदवलीला येऊन पूल ओलांडावा. मरोळ नाका दोघांनाही समान.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही मी त्या दिवशी, विमान म्हणजे सहार, या जुन्या समजुतीने दोन नंबरच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. साडेअकरा झाले, बारा वाजले. हारतुरे घेतलेली मंडळी आली नि गेली. मावशी नाही. फोन लावावा तर बंद. शेवटी नातवाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “काका, टर्मिनल एक! सांगायचं राहिलं.”

आता शहाण्याने खाली उतरून मेट्रो धरली असती. सहार रोड हे एक स्टेशन मध्ये, की पुढचे ते दार. पण घाबरलेल्या मुंबईकराचा हात आपोआप रिक्षाला वर होतो. बाहेरच्या रस्त्यावर येऊन मी रिक्षा धरली, आणि महामार्गाच्या तोंडाशी ती जी अडकली ती अडकलीच. त्या पाऊण तासात माझ्या मनात काय काय येऊन गेले ते सांगत नाही. चार वर्षांनी आपण होऊन निघालेली बाई अनोळखी दारात एकटी बसली असेल. तिला वाटेल, धाकटीने मुद्दामच कुणाला पाठवले नाही. एकदा तसे मनात बसले की ते काढणार कोण?

पार्ल्याच्या दारी पोचलो. बाकडी पाहिली, चहाची दुकाने पाहिली, एका शिपायाला वर्णन सांगितले. तेवढ्यात घरून फोन. आईचा आवाज, पण महिन्याभरात न ऐकलेला. “अरे, कुठं आहेस तू? ताई आली! जेवायला थांबलोय.”

मी कसा परतलो हे सांगण्याजोगे नाही. घरी येऊन पाहतो तो मावशी आईच्या उशाशी बसून संत्री सोलत होती. विमानात बंद केलेला फोन चालू करायचे तिच्या ध्यानातच आले नव्हते.

“अगं, पण तू आलीस कशी?”

“काहून? मेट्रोनं.” मावशीने सालांचा ढीग बाजूला सारला. “पाटी वाचली, खाली उतरले. मरोळ नाक्याला बदलली. आमच्या नागपुरात एअरपोर्टचं स्टेशन केव्हाचं होऊन राहिलं बापा! मी काय पहिल्यांदा बसून राहिली?”

खरेच होते ते. नागपूरची मेट्रो 2019 च्या मार्चपासून धावते, आणि तिला विमानतळाचे स्टेशन आहे. मुंबईला ही अक्कल यायला आणखी साडेपाच वर्षे लागली. मी मुकाट्याने पाटावर बसलो.

घराच्या वाटणीचा विषय निघाला का, मी विचारले नाही. दुपारभर दोघींचे बोलणे चालू होते, ते सगळे आजीच्या लोणच्याचे आणि कुठल्याशा जुन्या शेजारणीचे. मध्येच एक विमान गडगडत गेले. आई खिडकीकडे पाहत म्हणाली, “अकराच्या सुमाराला एक गेलं, तेव्हा मला वाटलं, हेच तुझं.”

“मी पण खाली पाहून राहिली होती,” मावशी म्हणाली. “पण तुमच्या खिडक्या साऱ्या सारख्याच.”

25 डिसेंबर 2025 पासून नव्या मुंबईतही विमाने उतरू लागली आहेत. मावशी यंदा दिवाळीनंतर पुन्हा येते आहे. या खेपेस नातवाने दार कळवले आहे, आणि मीही दोनदा विचारून घेतले आहे. त्यावर मावशीचा निरोप आला: “तू येऊ नकोस. उगाच चुकशील.”