घसरलेला शब्द आणि त्याची भरपाई

निवडणूक मुदतीआधी अंगावर आली की पुढाऱ्यांच्या जिभा अधिक घसरतात, असे आमचे जुने निरीक्षण आहे. तयारीला वेळ नसतो, सभा फार असतात आणि मनात धरलेली खुर्ची एकाएकी जवळ दिसू लागते. १९९९ चेच घ्या. १७ एप्रिलला वाजपेयी सरकार एका मताने पडले. चार दिवसांनी राष्ट्रपती भवनाबाहेर सोनिया गांधींनी आपल्या पाठीशी २७२ खासदार असल्याचे सांगितले. ते काही जमले नाहीत आणि देश पुन्हा मतदानाला निघाला. आमच्याकडे सप्टेंबरात मतदान झाले, ते गणपतीच्या तोंडावर. पेणच्या कारखान्यांत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी चालली होती आणि बाहेर रिक्षांवरचे कर्णे त्या २७२ ची टिंगल करीत फिरत होते. कारागीर मान वर करीत नसत. आखणीत हात घसरला तर नुकसान त्यांचेच व्हायचे होते.

पुढाऱ्याची जीभ घसरते तेव्हा नुकसान कोणाचे होते, हा प्रश्न आम्हांस तेव्हापासून पडलेला आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, मोठ्या शहरांत अशा लहान घटना घडतच असतात, अशा अर्थाचे आर. आर. पाटील बोलले आणि त्यांचे गृहमंत्रिपद गेले. पुढच्याच वर्षी निवडणुकीनंतर ते पद त्यांना परत मिळाले. २०१३ च्या दुष्काळात अजित पवारांनी धरणाच्या पाण्यावरून जे उद्गार काढले, त्यांचे प्रायश्चित्त कऱ्हाडला एका दिवसाच्या उपोषणावर आटोपले. उपमुख्यमंत्रिपद शाबूत राहिले. आमचेच बॅरिस्टर अंतुले डिसेंबर २००८ मध्ये हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी शंका घेणारे बोलले. त्यावर संसदेत गदारोळ झाला, पण मंत्रिपद टिकले. २००९ मध्ये ते रायगडातून हरले; मात्र त्यात त्या बोलण्याचा वाटा किती, हे मतपेटी सांगत नाही.

अंतुल्यांचे आणखी एक मत होते आणि ते घसरलेल्या जिभेचे नव्हते. देशाला अध्यक्षीय राज्यपद्धती हवी, असे ते मुख्यमंत्री असताना उघड सांगत. एका व्यक्तीच्या हाती सारी सूत्रे देणारा हा विचार होता. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, ते सर्वांच्या लक्षात आहे. राज्यघटनेचा सांगाडा बदलू पाहणारे ते मत मात्र किती जणांना आठवते? चुकून निघालेल्या शब्दावर महिनाभर चर्चा होते. समजून उमजून मांडलेला मोठा बेत कोणी उलगडून पाहत नाही, याचे आम्हांस भय वाटते.

उलट बाजूचे उदाहरणही दूर जाऊन शोधावे लागत नाही. चिंतामणराव देशमुख रोह्यात वाढले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि ‘मेघदूता’चे मराठी अनुवादक असलेले हे गृहस्थ १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जात होती आणि तेथील गोळीबाराची चौकशी होत नव्हती, म्हणून १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि लोकसभेत आपली बाजू तोलून मापून मांडली. त्या शब्दांत घसरलेले काहीही नव्हते. त्यांची किंमत बोलणाऱ्याने आधीच मोजली होती.

हेच देशमुख १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्याने राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. झाकिर हुसेन यांच्या निधनाने ती निवडणूकही मुदतीआधीच आली होती. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मते पडली, संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. देशमुखांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती बहुतांशी रेड्डींकडे वळली आणि गिरी अखेरीस १४,६५० मतांनी निसटते जिंकले. या निवडणुकीवरून काँग्रेस फुटली, १९७१ मध्ये लोकसभेची मध्यावधी निवडणूक झाली आणि विरोधकांनी ‘इंदिरा हटाओ’ ही घोषणा दिली. ‘गरिबी हटाओ’ म्हणणाऱ्या बाईंसाठी याहून सोयीची घोषणा विरोधकांना सुचली नसती.

राष्ट्रपती होण्याची इच्छा देशमुखांनीही धरली होती. तेव्हा महत्त्वाकांक्षा वाईट असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्यामागे १९५६ चा राजीनामा उभा होता. पुढची निवडणूक वेळेवर येवो वा आधी, पेणच्या बाजारात किंवा रोह्याच्या कुंडलिकाकाठी सभा होतीलच आणि कोणाची तरी जीभ घसरेल. त्यावर हसून झाले की त्या उमेदवाराला एवढे विचारावे: आपल्या कोणत्या शब्दासाठी आपण आजवर काय सोडले?